मुक्त सॉफ्टवेअर परवान्यांचे उल्लंघन आणि दडवलेली मूळ संहिता : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : मुक्त सॉफ्टवेअर, मूळ संहिता, जी.पी.एल., स्वामित्वहक्क, त्रयस्थ लाभार्थी

प्रस्तावना :

संगणक हे आता केवळ टेबलावरील यंत्र राहिलेले नाही. घरातील दूरचित्रवाणी संच, महाविद्यालयातील वाय-फाय राऊटर, मोटारगाडीतील पडदा अशा अनेक वस्तूंच्या अंतरंगात आज एक छोटा संगणक काम करीत असतो. त्यांपैकी असंख्य वस्तूंमध्ये लिनक्स व त्यासोबतची मुक्त सॉफ्टवेअरे वापरलेली असतात. ही सॉफ्टवेअरे जगभरातील हजारो विकसकांनी लिहिली आणि ती कोणीही वापरावीत, अभ्यासावीत, बदलावीत व इतरांना द्यावीत या हेतूने खुली केली. त्या बदल्यात त्यांनी पैसा मागितला नाही. मागितले ते एवढेच, की जो हे सॉफ्टवेअर पुढे देईल त्याने त्याची मूळ संहिताही (सोर्स कोड) पुढे द्यावी.

ही एकमेव अट अनेक कंपन्या पाळत नाहीत. आयते मिळालेले सॉफ्टवेअर आपल्या वस्तूत भरायचे, त्यात बदल करायचे, वस्तू विकायची आणि मूळ संहिता मात्र दडवून ठेवायची, हा व्यवहार गेली दोन दशके वारंवार उघडकीस येत आहे. मराठीत ज्याला 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात, त्याचेच हे आधुनिक उदाहरण होय. या विषयाची चर्चा बहुधा तंत्रज्ञ व वकील यांच्यापुरती मर्यादित राहते. वस्तुतः ज्ञानाची मालकी, दिलेल्या शब्दाची बांधिलकी आणि ग्राहकाचा जाणून घेण्याचा अधिकार हे तीनही प्रश्न यात गुंतलेले असल्याने विद्याशाखांच्या सीमा ओलांडून त्याचा विचार होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात या उल्लंघनाचे स्वरूप, न्यायालयीन वाटचाल आणि कंपन्यांच्या बचावातील युक्तिवाद यांची चिकित्सा केली आहे. उल्लंघनाचे मूळ परवान्याच्या भाषेतील दुबळेपणात नाही. ते दाद मागण्याच्या व्यवस्थेतील एका विसंगतीत आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे. ती विसंगती अशी, की परवान्यातील वचन वापरकर्त्यासाठी आहे, परंतु ते मोडल्यास दाद मागण्याचा अधिकार प्रत्यक्षात विकसकापुरताच उरला आहे.

मूळ संहिता आणि परवान्यामागील भूमिका :

विकसक जे लिहितो ती मूळ संहिता माणसाला वाचता येते. तिचे यंत्रभाषेत रूपांतर झाल्यावर जे उरते ते यंत्राला चालवता येते, पण माणसाला वाचता येत नाही. ग्राहकाच्या हाती पडते ते हे दुसरे रूप. त्यातील दोष शोधणे, सुधारणे किंवा त्यातून शिकणे मूळ संहितेविना जवळजवळ अशक्य असते. पूर्वीच्या काळी एखादा वैद्य औषधाची पुडी देत असे, पण पाठ सांगत नसे. वैद्य गेला की विद्याही जात असे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत कंपनी बंद पडली, किंवा तिने जुन्या वस्तूकडे पाठ फिरवली, की ग्राहकाची अवस्था तशीच होते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही अशाच अनुभवातून झाला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा लेझर मुद्रक आला. कागद अडकल्यास सर्वांना सूचना मिळावी अशी सुधारणा तेथील रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्यासाठी लागणारी मूळ संहिता गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नाकारण्यात आली. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, अर्थात जी.पी.एल. हा परवाना तयार केला. त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये आणि तिसरी २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झाली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने १९९२ मध्ये हाच परवाना स्वीकारला आणि आजही त्याचा गाभा दुसऱ्या आवृत्तीखालीच आहे.

या परवान्याचे वैशिष्ट्य असे, की तो स्वामित्वहक्क नाकारीत नाही, उलट त्याचाच आधार घेतो. सामान्यतः स्वामित्वहक्काचा उपयोग इतरांना रोखण्यासाठी होतो. येथे तोच हक्क इतरांचे स्वातंत्र्य टिकविण्यासाठी वापरला आहे. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. जी.पी.एल. खालील सॉफ्टवेअर विकण्यास मनाई नाही. खाजगी वापरासाठी कोणी त्यात बदल केले तर ते जाहीर करण्याचेही बंधन नाही. बंधन निर्माण होते ते यंत्रभाषेतील प्रत दुसऱ्याला देताना. दुसऱ्या आवृत्तीनुसार अशा वेळी प्रतीसोबत संपूर्ण मूळ संहिता द्यावी लागते, किंवा ती मागणाऱ्याला पुरविण्याचे किमान तीन वर्षे मुदतीचे लेखी वचन द्यावे लागते. 'संपूर्ण' या शब्दात संहितेपासून चालणारा कार्यक्रम बनविण्याच्या व तो बसविण्याच्या आज्ञावलीही येतात. अट मोडणाऱ्याचे अधिकार आपोआप संपुष्टात येतात. मात्र त्याच्याकडून ज्यांनी प्रत घेतली त्यांचे अधिकार, ते स्वतः अटी पाळत असतील तोवर, शाबूत राहतात. ग्राहकाला विक्रेत्याच्या अपराधाची शिक्षा होऊ नये ही दृष्टी त्यामागे आहे.

उल्लंघनाचे प्रकार :

मूळ संहिता दडविण्याचे प्रकार एकसारखे नसतात. स्थूलमानाने त्यांचे चार वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील कंपन्या आपण मुक्त सॉफ्टवेअर वापरले हेच सांगत नाहीत. वस्तूसोबतच्या कागदपत्रांत परवान्याचा उल्लेख नसतो. दुसऱ्या वर्गातील कंपन्या परवान्याचा मजकूर छापतात, लेखी वचनही देतात, परंतु ग्राहकाने मागणी केल्यावर उत्तर देत नाहीत. तिसरा वर्ग अर्धवट संहिता देणाऱ्यांचा. संहितेचा गठ्ठा मिळतो, पण त्यातून चालणारा कार्यक्रम बनत नाही, कारण कंपनीने केलेले बदल किंवा बांधणीच्या आज्ञावली वगळलेल्या असतात. चौथ्या वर्गात संहिता पूर्ण मिळते, पण यंत्रालाच असे कुलूप घातलेले असते की बदललेले सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. टिवो या अमेरिकन ध्वनिचित्रमुद्रण यंत्रामुळे हा प्रकार प्रसिद्धीस आला. दुसऱ्या आवृत्तीखाली ते उल्लंघन ठरते की नाही याविषयी मतभेद होते. म्हणूनच तिसऱ्या आवृत्तीत, घरगुती वापराच्या वस्तूंबाबत, बदललेले सॉफ्टवेअर बसविण्यासाठी लागणारी माहिती देण्याची स्वतंत्र अट घालण्यात आली.

यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. तो वरकरणी पालनासारखा दिसतो आणि त्याचे उल्लंघन सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाला अनेक दिवस खपावे लागतात. दडविण्याचा खर्च कंपनीला जवळजवळ शून्य आणि शोधण्याचा खर्च संपूर्णपणे इतरांवर, अशी ही विषम रचना आहे.

लिंक्सिसचे उदाहरण :

या प्रश्नात प्रत्यक्ष काय पणाला लागलेले असते हे लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या राऊटरच्या इतिहासावरून स्पष्ट होते. हा राऊटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी या राऊटरमध्ये लिनक्स वापरले असून मूळ संहिता दिलेली नाही, हे स्वतंत्र विकसकांच्या लक्षात आले. राऊटरमधील चिप ब्रॉडकॉम कंपनीची होती आणि त्यातील सॉफ्टवेअरचे काम आणखी बाहेरच्या विकसकाकडे गेले होते. म्हणजे ज्या कंपनीचे नाव वस्तूवर होते तिलाच आपण काय विकतो आहोत याची पुरती कल्पना होती असे दिसत नाही. दबाव वाढल्यावर लिंक्सिसने संहिता प्रसिद्ध केली.

पुढे जे घडले ते महत्त्वाचे आहे. त्या संहितेच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. स्वस्त घरगुती राऊटरला महागड्या यंत्रांची कामे शिकविता आली, निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या यंत्रांना सुरक्षेच्या सुधारणा मिळू लागल्या आणि असंख्य विद्यार्थ्यांनी त्यावर जाळ्यांचे शास्त्र शिकून घेतले. कंपनीचे यात नुकसान झाले असे म्हणता येत नाही. याच गुणामुळे तो राऊटर दीर्घकाळ लोकप्रिय राहिला. संहिता दडविल्याने केवळ एका कलमाचा भंग होत नाही, तर संभाव्य ज्ञानाची एक संपूर्ण शाखा जन्मापूर्वीच खुडली जाते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

तथापि प्रकरण तेथे संपले नाही. सिस्कोच्या इतर वस्तूंबाबत तक्रारी चालूच राहिल्या. अखेर डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयात सिस्कोविरुद्ध दावा दाखल केला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. पालनावर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले आणि फाउंडेशनला देणगी दिली. तिची रक्कम मात्र जाहीर करण्यात आली नाही.

न्यायालयीन वाटचाल :

जी.पी.एल. न्यायालयात टिकणार नाही असे एकेकाळी ठामपणे सांगितले जाई. हा समज प्रथम जर्मनीत खोटा ठरला. लिनक्समधील नेटफिल्टर या भागाचे विकसक हाराल्ड वेल्टे यांनी सायटकॉम कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात म्युनिक येथील न्यायालयाने २००४ मध्ये अंतरिम मनाई हुकूम दिला व मे महिन्यात तो कायम केला. डी-लिंक कंपनीने परवाना बंधनकारकच नाही असा पवित्रा घेतला होता. फ्रँकफर्टच्या न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये तो फेटाळला. या निर्णयांमागील तर्क साधा आहे. परवाना अवैध मानला तर कंपनीकडे प्रत वितरित करण्याचा कोणताच अधिकार उरत नाही. परवाना नाकारून सुटका होत नाही, उलट अपराध अधिक उघडा पडतो.

अमेरिकेत सप्टेंबर २००७ मध्ये बिझीबॉक्स या छोट्या परंतु सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विकसकांनी मॉन्सून मल्टिमीडिया कंपनीविरुद्ध दावा लावला. जी.पी.एल. च्या अंमलबजावणीसाठीचा तो त्या देशातील पहिला दावा मानला जातो. त्यानंतर व्हेरिझॉनसह अनेक कंपन्यांवर आणि डिसेंबर २००९ मध्ये एकाच वेळी चौदा कंपन्यांवर दावे झाले. त्यांपैकी वेस्टिंगहाउस डिजिटल या कंपनीविरुद्ध २०१० मध्ये ९०,००० डॉलर नुकसानभरपाई, वितरणास मनाई आणि उल्लंघन करणारे संच जप्त करण्याचा आदेश झाला. मात्र ती कंपनी तोवर आर्थिकदृष्ट्या कोसळली होती व तिने बचावही केला नव्हता, हे विसरता येत नाही. इतर बहुतेक प्रकरणे तडजोडीत मिटली.

तात्त्विकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा निर्णय खेळण्यातील आगगाड्यांच्या सॉफ्टवेअरबाबत झाला. जेकब्सन विरुद्ध कॅट्झर या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये असा निर्वाळा दिला, की मुक्त परवान्यातील अटी या केवळ कराराची वचने नसून परवान्याच्या पूर्वअटी असू शकतात. त्या मोडल्यास स्वामित्वहक्काचा भंग होतो. पैसे न घेता दिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही निर्मात्याचे आर्थिक हितसंबंध असतात, हेही न्यायालयाने मान्य केले. तेथील परवाना जी.पी.एल. नव्हता, तरी तत्त्व सर्वांना लागू पडणारे आहे. फ्रान्समध्ये आंत्रूव्हेर या छोट्या सहकारी संस्थेने ऑरेंज या दूरसंचार कंपनीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तिला आर्थिक हानीपोटी ५ लाख यूरो व नैतिक हानीपोटी दीड लाख यूरो देण्याचा आदेश दिला.

कंपन्यांच्या बचावाची चिकित्सा :

कंपन्यांच्या बाजूने प्रामुख्याने तीन युक्तिवाद केले जातात. त्यांचा निःपक्षपणे विचार होणे आवश्यक आहे.

पहिला युक्तिवाद अज्ञानाचा. वस्तू अनेक पुरवठादारांच्या साखळीतून तयार होते, त्यामुळे त्यात काय आहे हे शेवटच्या विक्रेत्याला ठाऊक नसते, असे सांगितले जाते. लिंक्सिसच्या उदाहरणात यात तथ्य होते. परंतु हीच कंपनी पुरवठादाराकडून येणाऱ्या प्रत्येक स्क्रूची व प्रत्येक सशुल्क परवान्याची नोंद ठेवते. ज्याचे पैसे मोजावे लागत नाहीत त्याचीच नोंद राहत नाही, याचा अर्थ हे अज्ञान अपरिहार्य नसून निवडलेले आहे.

दुसरा युक्तिवाद व्यापारी गुपिताचा. आमच्या बदलांत आमची बुद्धी आहे, ती प्रतिस्पर्ध्याला का द्यावी, असा हा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारण्याची वेळ चुकीची आहे. ज्याला आपले बदल गुप्त ठेवायचे आहेत त्याला स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिण्याची किंवा तशी अट नसलेले सॉफ्टवेअर निवडण्याची पूर्ण मुभा आहे. इतरांच्या बुद्धीवर उभे राहून स्वतःच्या बुद्धीला कुंपण घालणे हे 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ठेवण्यासारखे आहे.

तिसरा युक्तिवाद अस्पष्टतेचा. मुक्त सॉफ्टवेअरला जोडलेला स्वतंत्र भाग ही साधित कृती केव्हा ठरते, याची रेषा खरोखरच धूसर आहे. क्रिस्तोफ हेलविग विरुद्ध व्हीएमवेअर या जर्मनीतील प्रकरणात हाच मुद्दा होता. २०१५ मध्ये दाखल झालेला हा दावा हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०१६ मध्ये व अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये फेटाळला. परंतु न्यायालयांनी मूळ प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. वादीने स्वतः लिहिलेला नेमका कोणता भाग प्रतिवादीच्या वस्तूत आहे हे पुरेसे सिद्ध झाले नाही, या कारणावर दावा गेला. व्हीएमवेअरने नंतर तो वादग्रस्त भाग आपल्या वस्तूतून काढून टाकण्याचे जाहीर केले. अस्पष्टता खरी आहे हे मान्य करावे लागते. मात्र बिझीबॉक्स किंवा लिनक्स जसेच्या तसे वापरून संहिता न देणे यात कोणतीही अस्पष्टता नाही. धूसर सीमेचा दाखला देऊन भर मध्यावरील अपराध झाकता येत नाही.

दाद कोणी मागावी? :

हेलविग प्रकरणातून या प्रश्नाचे मर्म समोर येते. लिनक्स हजारो जणांनी लिहिले आहे. त्यातील एकाने दाद मागितली तर 'तुझे नेमके किती?' असा प्रश्न विचारला जातो. सर्वांनी एकत्र येणे अशक्य असते. ज्ञान जितके अधिक सामुदायिक, तितके त्याचे रक्षण अधिक दुबळे, असा विपरीत परिणाम त्यातून होतो.

केवळ विकसकांवर अंमलबजावणी सोपविण्यात आणखी दोन धोके आहेत. पहिला धोका लोभाचा. जर्मनीत नेटफिल्टरच्याच एका माजी विकसकाने किरकोळ उल्लंघने हेरून कंपन्यांकडून दंडाच्या अटी असलेली हमीपत्रे लिहून घेण्याचा व पुढे पैशांची मागणी करण्याचा मार्ग अवलंबिला. २०१६ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनीच त्याला गटातून निलंबित केले. अशा व्यवहारात संहिता मिळविणे हा हेतूच उरत नाही. दुसरा धोका उलट परिणामाचा. बिझीबॉक्सच्या दाव्यांतील एक वादी रॉब लँडली यांनी पुढे या खटल्यांविषयी जाहीर असमाधान व्यक्त केले आणि अशी अट नसलेल्या परवान्याखाली टॉयबॉक्स हे पर्यायी सॉफ्टवेअर पुढे आणले. अँड्रॉइडने २०१५ च्या सुमारास तेच स्वीकारले. खटल्यांमुळे काही कंपन्या पालनाकडे वळल्या, तर काहींनी परवान्यालाच वळसा घातला.

चळवळीनेही आत्मपरीक्षण केले, हे नोंदविले पाहिजे. जी.पी.एल. च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथमच चूक करणाऱ्याला सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत ती सुधारण्याची संधी ठेवली आहे. लिनक्सच्या अनेक विकसकांनी २०१७ मध्ये निवेदन काढून हीच सवलत आपल्या बाजूने लागू केली. पैसा नव्हे तर पालन हे उद्दिष्ट, हे धोरण योग्यच आहे. परंतु त्याची एक मर्यादा दाखविणे आवश्यक वाटते. पकडले गेल्यावर केवळ मूळचे कर्तव्य पार पाडले की सुटका, अशी खात्री असेल तर पकडले जाईपर्यंत वाट पाहणे हाच कंपनीसाठी फायद्याचा हिशोब ठरतो. शिवाय बहुतेक तडजोडींच्या रकमा व अटी गुप्त राहिल्या. खुलेपणासाठी लढणाऱ्या चळवळीच्या विजयाचे दस्तऐवजच बंद राहावेत ही विसंगती आहे आणि त्यामुळे इतरांना जरब बसण्याचा परिणामही क्षीण झाला.

या पार्श्वभूमीवर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील राज्य न्यायालयात व्हिझिओ या दूरचित्रवाणी संचांच्या कंपनीविरुद्ध लावलेला दावा वेगळा आहे. येथे संस्था विकसक म्हणून नव्हे, तर संच विकत घेणारा ग्राहक म्हणून उभी आहे. परवाना हा करारही आहे, त्याचा लाभ ग्राहकाला व्हावा हा त्याचा उघड हेतू आहे, म्हणून त्रयस्थ लाभार्थी या नात्याने ग्राहकाला संहिता मागता येते, असा तिचा युक्तिवाद आहे. मागणी पैशांची नसून केवळ संहितेची आहे. व्हिझिओने प्रकरण स्वामित्वहक्काचे असल्याचे सांगून ते संघीय न्यायालयात नेले. तेथील न्यायाधीशांनी मे २०२२ मध्ये ते राज्य न्यायालयाकडे परत पाठविले. डिसेंबर २०२३ मध्ये सुनावणीविनाच दावा निकालात काढण्याची व्हिझिओची विनंतीही अमान्य झाली. या दाव्याने प्रश्न योग्य जागी आणून ठेवला आहे. संहितेची गरज ज्याला आहे, तिचे वचन ज्याला दिले आहे, त्यालाच ती मागता आली पाहिजे.

भारतीय संदर्भ :

भारतीय कायद्यात संगणक-कार्यक्रमाचा समावेश 'साहित्यकृती' या संज्ञेत होतो, ही बाब साहित्याच्या अध्यापकांना कुतूहलाची वाटेल. स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम ५१ नुसार परवान्याविना केलेली कृती जसा हक्कभंग ठरते, तशीच परवान्याच्या अटींचे उल्लंघन करून केलेली कृतीही हक्कभंग ठरते. अमेरिकेत ज्या मुद्द्यासाठी फेडरल सर्किट न्यायालयापर्यंत जावे लागले, त्याचे उत्तर आपल्या अधिनियमाच्या शब्दांतच बऱ्याच अंशी आहे. कलम ५५ खाली मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागता येते आणि कलम ६२ नुसार वादीला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी दावा लावता येतो. म्हणजे पुण्यातील किंवा नागपुरातील विकसकाला आपल्या संहितेसाठी दूरच्या शहरात जाण्याची गरज नाही.

परंतु हे झाले विकसकाचे. ग्राहकाची स्थिती मात्र बिकट आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ खाली मोबदला त्रयस्थाकडून आलेला चालतो, पण करारात पक्षकार नसलेल्याला सामान्यतः दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या प्रकरणात १९६९ मध्ये हे तत्त्व मान्य केले असून न्यास, कौटुंबिक व्यवस्था असे मोजकेच अपवाद सांगितले आहेत. व्हिझिओ प्रकरणातील युक्तिवाद येथे जसाच्या तसा चालणे त्यामुळे कठीण आहे. एक पर्यायी वाट ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये दिसते. सेवेतील 'त्रुटी'च्या व्याख्येत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे समाविष्ट आहे. त्या आधारे युक्तिवाद उभारता येण्यासारखा आहे, जरी वस्तूच्या विक्रीला तो लावणे आणि संस्थात्मक खरेदीदाराला 'ग्राहक' ठरविणे हे अडथळे त्यात आहेतच.

शासकीय धोरण मात्र अनुकूल आहे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. महाविद्यालयांत तर ही सॉफ्टवेअरे परिचयाचीच आहेत. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० मध्ये खुले झालेले 'कोहा' आज अनेक महाविद्यालयीन ग्रंथालये चालविते. 'मूडल'वर अभ्यासक्रम चालतात. दोन्ही जी.पी.एल. खाली आहेत. अनेक ठिकाणी ती खाजगी पुरवठादारांमार्फत बसविली जातात. पुरवठादाराने केलेल्या बदलांची संहिता महाविद्यालयाकडे आहे काय, पुरवठादार बदलल्यास ग्रंथालयाचे काम चालू राहील काय, हे प्रश्न खरेदी समितीच्या बैठकीत क्वचितच उपस्थित होतात. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्याच सर्व्हरवर चालत असेल तर प्रत महाविद्यालयाला दिलीच जात नाही आणि जी.पी.एल. ची अट लागूच होत नाही. ही उणीव भरून काढणारा एजीपीएल हा परवाना नोव्हेंबर २००७ मध्ये आला, पण तो सर्व सॉफ्टवेअरांना लागू नाही. त्यामुळे परवाना जे देत नाही ते करारनाम्यातून मिळविणे हाच महाविद्यालयांपुढील व्यवहार्य मार्ग ठरतो.

निष्कर्ष :

१. मुक्त सॉफ्टवेअर परवाने कायदेशीरदृष्ट्या दुबळे नाहीत. जर्मनी, अमेरिका व फ्रान्स येथील २००४ पासूनच्या निर्णयांनी त्यांची बंधनकारकता मान्य केली आहे.

२. मूळ संहिता दडविण्याचे समर्थन म्हणून केले जाणारे अज्ञान व व्यापारी गुपित यांचे युक्तिवाद टिकणारे नाहीत. साधित कृतीच्या सीमेविषयीची अस्पष्टता खरी आहे, परंतु बहुसंख्य उघड उल्लंघनांशी तिचा संबंध नाही.

३. उल्लंघन टिकून राहण्याचे प्रमुख कारण दाद मागण्याच्या व्यवस्थेतील विसंगती हे आहे. सामुदायिक निर्मितीत वैयक्तिक विकसकाला सिद्धतेचा भार पेलत नाही आणि ग्राहकाला उभे राहण्यास जागा मिळत नाही.

४. भारतात कलम ५१ मुळे विकसकाची बाजू भक्कम आहे. ग्राहकाच्या हक्काला मात्र स्पष्ट वैधानिक आधाराची गरज आहे.

५. शिक्षणसंस्थांनी सॉफ्टवेअर व त्यावर चालणारी उपकरणे खरेदी करताना वापरलेल्या मुक्त घटकांची यादी आणि संपूर्ण मूळ संहिता मिळण्याची अट निविदेतच घालणे इष्ट आहे. संहिता मिळाल्यावर ती संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुली करावी.

ज्ञान दिल्याने वाढते हा विचार आपल्या वर्गखोल्यांतून वारंवार सांगितला जातो. मुक्त सॉफ्टवेअरच्या विकसकांनी तो परवान्याच्या भाषेत उतरविला. त्या परवान्याचा भंग हा म्हणूनच अध्यापकांसाठी परका विषय नाही. महाविद्यालयाच्या कपाटातील राऊटरची संहिता मागणारे एक साधे पत्र पुरवठादाराला लिहिणे, ही त्याची सुरुवात असू शकते.